प्रभुभोजनाआधीची परीक्षा

ख्रिस्ती मंडळीतल्या आत्मपरीक्षणाचा उगम जेवणाच्या पंगतीत आहे. पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी खात्यापित्या घरचे लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून बजावले, की भाकरीला हात लावण्यापूर्वी ज्याने त्याने स्वतःला तपासून पाहावे. या उपदेशाचा रोख शेजारी बसलेल्याशी आपण कसे वागतो यावर होता. पुढच्या शतकांत हा संदर्भ मागे पडला आणि परीक्षा अधिकाधिक एकट्याच्या अंतःकरणाची झाली. महाराष्ट्रात ती आली तेव्हा मात्र पंगतीचा प्रश्न पुन्हा दारात उभा होता.

महाराष्ट्रातल्या सोलापूरला ही शिकवण अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमार्गे मिळाली. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला अहमदनगरला स्थिरावले. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत रेल्वे आली आणि त्याच दशकात तिथे मिशनचे ठाणे पडले. रंगभवन-सात रस्ता भागातले फर्स्ट चर्च याच मिशनच्या वारशातले. हे मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेचे. त्यांच्या पूर्वजांच्या मते बाप्तिस्मा झाला एवढ्याने कोणी प्रभुभोजनाचा हक्कदार ठरत नसे. देवाच्या कृपेचा आपल्याला आलेला अनुभव मंडळीपुढे सांगावा लागे. पुढच्या पिढीला असा अनुभव सांगता येईना, तेव्हा १६६२ मध्ये तडजोड झाली : अशा आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळे, पण आईबाप स्वतः प्रभुभोजनाबाहेरच राहत. याच परंपरेतला पाळक जोनाथन एडवर्ड्स याने १७४६ च्या ग्रंथात खऱ्या धर्मभावनेची आणि नुसत्या उमाळ्याची लक्षणे वेगळी काढून दाखवली. पुढे त्याने सभासदत्वाची अट पुन्हा कडक करायला घेतली, तर १७५० मध्ये मंडळीने त्यालाच पाळकपदावरून दूर केले.

अशा परंपरेतले लोक बाप्तिस्मा मागणाऱ्याकडे बारकाईने पाहणार, यात नवल नाही. पाळक आणि मंडळीतले वडीलधारे उमेदवाराला प्रश्न विचारत. बाप्तिस्मा का हवा, दारू सुटली का, देवदेवस्की सोडली का, लग्नकार्यात जुने विधी चालतात का, याची चौकशी होई. वागणूक पाहण्यासाठी काही काळ थांबवूनही ठेवत. दुष्काळाच्या वर्षांत हेतूबद्दलचा संशय आणखी वाढे, कारण माणूस भाकरीसाठी आला की विश्वासाने, हे ओळखायचे कसे? प्रश्न रास्त होता, तरी उपाशी माणसाच्या हेतूचीच अशी झडती घेतली जाई, पोट भरलेल्याच्या हेतूची नाही, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. एका बाबतीत मात्र मिशनची कसोटी सर्वांना सारखी लागू होती. प्रभुभोजनाचा प्याला एकच, तो महार-मांगांच्या आणि ब्राह्मणांच्या ओठांना सारखाच लागायचा. जात राखून सभासद होता येत नसे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही ब्राह्मण पुढाऱ्यांनी चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट कशी गेली, हे आठवले की या अटीचे वजन कळते.

या टप्प्यावर परीक्षा घेणारे दुसरे होते आणि देणारा आपण. ती स्वतःकडे वळली मराठी ख्रिस्ती लेखनात. बाबा पद्मनजींनी १८८८ च्या ‘अरुणोदय’मध्ये आपल्या धर्मांतराची वाट मागे वळून तपासली. पंडिता रमाबाई त्याही पुढे गेल्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे लागली. मंडळीच्या वहीत नाव असलेल्या, जगभर मान मिळालेल्या बाईने हे लिहावे, यातच त्या परीक्षेची धार आहे. १९०५ मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात जागृतीची लाट आली. मुली रडून, मोठ्याने पापांची कबुली देऊ लागल्या. आत्मपरीक्षण पुन्हा चारचौघांत आले, फरक इतकाच, की आता कोणी प्रश्न विचारत नव्हते. अशा लाटांत खरे-खोटे निवडणे एडवर्ड्सच्या काळीही सोपे नव्हते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आपले उणेपण उघडे करून देवाशी भांडणारी, त्याला आळवणारी वाणी वारकऱ्यांकडे आधीच होती.  टिळकांच्या भजनांनी ती मराठी उपासनेत आणली, आणि प्रश्नोत्तरांच्या चौकटीतली पापकबुली गाता येऊ लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. सभासदत्व आणि शिष्यत्व यांची गाठ त्यांनी जाणूनबुजून सैल केली.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची गोष्ट यापेक्षा साधी आणि जास्त बोलकी आहे. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात, की जाती देवाने केल्या की माणसाने, यावर त्या एकट्याच विचार करत राहिल्या. माणसानेच केल्या, असे मनाने घेतले आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यात त्यांना अडचण वाटेनाशी झाली. ना पाळकाची चौकशी, ना सभेतले अश्रू. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. करिंथच्या पत्रातला मूळ प्रश्न मराठीत इतक्या थेटपणे क्वचितच कोणी स्वतःला विचारला असेल.

संस्थेच्या पातळीवर बदल सावकाश झाले. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. तिच्यात अँग्लिकन आले, तसे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही आले. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की मोठेपणी, स्वतः विश्वास कबूल केल्यावर, या जुन्या भांडणावर सीएनआयने दोन्ही वाटा मान्य केल्या. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याला वयात आल्यावर दृढीकरण घ्यावे लागते. दुसऱ्या वाटेने बाळाचे समर्पण आणि नंतर बाप्तिस्मा. कोणतीही वाट धरली, तरी आपल्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा क्षण टळत नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी आता पापांगीकार सगळी मंडळी एका सुरात म्हणते. दृढीकरणाआधी मुलामुलींचा वर्ग होतो, पण त्यात पूर्वीसारखी वागणुकीची झडती राहिलेली नाही. भाऊबंदकीत बोलणे तुटलेला एखादा सभासद मात्र अजूनही भाकर पुढे आली की बाकावरच बसून राहतो, आणि का उठला नाही ते शेजारच्याला न सांगताच कळते.