कुलूप कोणाच्या दाराचे?

कुलूप करणाऱ्याला ते किल्लीवाचून उघडताही येते. म्हणून त्याची परीक्षा कसबात नसून नीतीत असते.

अबुधाबीत ‘डार्कमॅटर’ नावाची संगणक-सुरक्षेची कंपनी होती. तिच्याकडे नोकरीस असलेले अमेरिकेचे माजी हेर अमिरातीसाठी पत्रकारांच्या व मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये शिरण्याचे काम करीत, अशी बातमी २०१९ साली ‘रॉयटर्स’ने दिली. त्यांच्यातील लॉरी स्ट्राउड या बाईंना पाळतीच्या यादीत अमेरिकन नावे दिसली, तेव्हा मात्र राहवले नाही. त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांना रजेवर पाठवण्यात आले.

पण यादीत अमिरातीचे अहमद मन्सूरही होते. हक्कांसाठी बोलणाऱ्या या गृहस्थांना २०१८ साली १० वर्षांची शिक्षा झाली. अन्याय आपल्या माणसावर झाला तरच तो अन्याय का?

इस्राएलात राहणाऱ्या आपणही हात झटकू नयेत. २०१६ साली मन्सूर यांच्या फोनवर ज्या ‘पेगासस’चा सापळा लावला होता, ते इस्राएली कंपनीनेच बनवलेले.

मुलाला अशा कंपनीत नोकरी लागली की आपण पगार विचारतो. दार कोणाचे उघडतोस, हेही विचारावे.