नव्या वस्तूचा तिसरा दिवस

रायपूरचा सदर बाजार हा सोन्याचांदीचा बाजार. दुतर्फा सराफांच्या पेढ्या, आतल्या अंगाला कारागिरांची ठाकठूक, आणि संध्याकाळी दिवे लागले म्हणजे काचेआड मांडलेल्या दागिन्यांवर असा काही प्रकाश खेळतो की, विरक्त मनुष्यानेही क्षणभर थबकावे. अशाच एका पेढीच्या माडीवर दर एकादशीस आम्ही दहापंधरा माणसे गीतेचे वाचन करावयास जमतो. श्रोत्यांत या प्रांती पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी मंडळी आहेत, दोन मारवाडी सराफ आहेत, आणि खालच्या दुकानात हिशेब लिहिणारा एक तरुण आहे. हा तरुण सहसा बोलत नाही. मात्र गेल्या खेपेस अठराव्या अध्यायातील सुखाच्या तीन प्रकारांचे विवेचन संपल्यावर तो एकटाच मागे राहिला आणि खिशातून नवा कोरा मोबाईल काढून माझ्यापुढे ठेवीत म्हणाला, “गुरुजी, हा घेऊन आज तिसरा दिवस. हप्ते अजून अठरा महिने भरावयाचे आहेत. आणि हातात काहीच आले नाही असे वाटते. असे का व्हावे?”

आत्मा अमर कसा, असे त्याने विचारले असते तर उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. या प्रश्नाला मात्र मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. कारण चारच महिन्यांपूर्वी मी स्वतः त्याच वाटेने गेलो होतो, आणि माझी गोष्ट त्याच्याहून अधिक लाजिरवाणी होती.

ती येथे सांगितल्यावाचून पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही. माझा जुना फोन पाच वर्षांचा. त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा, आणि बॅटरी दुपारपर्यंत मान टाकीत असे. त्याच सुमारास आमच्या घरी सौभाग्यवतींनी माझ्या मातोश्रींच्या झिजलेल्या पाटल्या मोडून नव्या घडविण्यासाठी याच सदर बाजारात दिल्या होत्या. सोने घरचेच होते, घट वजा जाऊन द्यावयाची होती ती केवळ घडणावळ, आणि तेवढे पैसे तिने एका डब्यात निराळे ठेविले होते. जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनात मोबाईलची दुकाने दाटीने आहेत. तेथे मी केवळ बॅटरी दाखवावयास म्हणून गेलो आणि नवा फोन घेऊन परतलो. पैसे त्या डब्यातले. “पुढच्या महिन्यात भरून टाकू,” असे मी म्हणालो. ती काही बोलली नाही. पाटल्या सराफाच्या तिजोरीत पडून राहिल्या.

आता त्या सायंकाळचा आनंद ऐका. जुन्या फोनमधले सारे नव्यात उतरवून घेण्यास तासाभराहून अधिक वेळ लागला. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून मी, वयाची साठी उलटलेला मनुष्य, लहान मुलासारखा त्या पुढे सरकणाऱ्या रेघेकडे पाहत बसलो होतो. अखेर नवा फोन उजळला. आणि काय दिसले? तीच छायाचित्रे, तीच नावे, तेच न वाचलेले निरोप. थोरल्या बहिणीचे दोन फोन मी घेतले नव्हते, ते ‘न घेतलेले’ म्हणून तेथेही जसेच्या तसे उभे होते. काच गुळगुळीत, अक्षरे थोडी अधिक ठळक, छायाचित्र किंचित अधिक स्वच्छ. परंतु फोनमध्ये जे होते ते मीच होतो, आणि मी जुनाच होतो. तिसऱ्या दिवशी मी तो टेबलावर असा टाकला की, जणू पाच वर्षे वापरीत आहे.

पंधराव्या अध्यायात भगवंतांनी एक दृष्टांत दिला आहे. वारा जसा फुलांच्या ठायीचा गंध उचलून आपल्याबरोबर नेतो, तसा जीव एक देह सोडून दुसऱ्यात जाताना मन आणि इंद्रिये यांना सोबत घेऊन जातो. वर्षानुवर्षे हा श्लोक मी शिकविला, परंतु त्याचा रोकडा अर्थ मला त्या सरकणाऱ्या रेघेने शिकविला, हे कबूल करावयास मला संकोच वाटत नाही. दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत आपण सर्वजण मरणाच्या प्रसंगी आठवतो आणि त्यातून धीर घेतो. तो धीर योग्यच आहे. परंतु वस्त्र बदलल्याने अंगावरचा मळ जात नाही, ही त्याचीच दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. देह बदलूनही जे मन बदलत नाही, ते यंत्र बदलून कसे बदलावे?

तथापि एवढ्याने त्या तरुणाचे समाधान होण्यासारखे नव्हते. तो हिशेबनीस, त्याने लगेच दुसरी बाजू मांडली. “पण गुरुजी, विकत घेण्याआधीचे पंधरा दिवस मात्र मी खरोखर आनंदात होतो. तो आनंद खोटा कसा म्हणावा?”

खोटा मुळीच नव्हे. विद्यारण्यस्वामींच्या ‘पंचदशी’ ग्रंथातील अखेरची पाच प्रकरणे केवळ आनंदाच्या विचाराला वाहिलेली आहेत, आणि त्यांतले शेवटचे तर विषयांपासून होणाऱ्या आनंदाचेच आहे. वेदान्ताचे म्हणणे थोडक्यात असे की, इष्ट वस्तू मिळाली म्हणजे इच्छेची धावपळ क्षणभर थांबते, चित्त निवांत होते, आणि त्या निवांतपणात आपल्या ठायी मुळातच असलेला आनंद प्रकट होतो. आपण त्याचे श्रेय वस्तूला देतो. मग वस्तू हातात असूनही दुसरी इच्छा उठते, चित्त पुन्हा गढूळ होते, आणि आपण वस्तूला दोष देतो.

मी त्याला खालच्या पेढीवरील कसोटीचा दगड आठवावयास सांगितला. काळा, गुळगुळीत दगड. त्यावर सराफ सोने घासतो, पिवळी रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून कस ठरतो. ती रेघ दगडावर दिसते खरी, परंतु सोने दगडाचे नव्हे. ते घासणाऱ्याच्या हातात असते. नवा फोन हा असा दगड आहे. पंधरा दिवस तू आपलेच सोने त्यावर घाशीत होतास. रेघ पुसली गेली म्हणून दगडावर का रागावतोस, आणि आणखी मोठा दगड का शोधतोस?

(जाता जाता सांगतो, की या फोनात खरेखुरे सोनेही असते. आतील जोडण्यांवर त्याचा मुलामा देतात. ते सुमारे तीस मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेच्या चौथ्या हिश्श्याएवढे भरते. सराफ हे ऐकून हसले. त्यांच्या मते एवढी तर झाडलोटीत निघते.)

येथे एक शंका येईल, व ती यावयासच हवी. पूर्वी नव्या यंत्राने मनुष्यास खरोखर आनंद होत असे, तो काय भ्रम होता? ज्या काळी टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तो काळ ज्यांनी पाहिला आहे; 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी मोबाईलवरून देशातले पहिले संभाषण केले, ती बातमी ज्यांनी वाचली आहे; त्यांना ठाऊक आहे की, दूर गेलेल्या मुलाचा आवाज वाटेल तेव्हा ऐकू येणे ही केवढी गोष्ट होती. तेव्हा खरी उणीव होती आणि खरी सोय झाली. 2007 साली आयफोन आला तेव्हाही फोनचे रूपच पालटले. आता ते यंत्र शिवणाच्या सुईसारखे पूर्णत्वास पोहोचले आहे. नव्या सुईने कोणाला हर्ष होतो? भूक लागलेल्यास भाकरी गोड लागते. पोट भरलेल्यापुढे तिसरे पक्वान्न ठेवून तो हर्ष मागू नये.

पाश्चात्त्य पंडितांनीही या गोष्टीचा शोध घेतला आहे. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 साली असे दाखविले की, मनुष्य नव्या सुखाला सरावतो आणि पुन्हा पूर्वीच्याच पातळीवर येतो. आपल्याकडचा घाण्याचा बैल कितीही चालला तरी जागच्या जागीच असतो, तसे. पुढे 1978 साली ब्रिकमन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लॉटरीचे मोठे बक्षीस लागलेल्या 22 जणांची इतरांशी तुलना केली. ते विशेष अधिक सुखी आढळले नाहीत. इतकेच नव्हे, तर मित्राशी बोलणे, न्याहारी करणे, मासिक वाचणे अशा लहानसहान गोष्टींतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी झालेली दिसली. मासिक वाचणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे! अठराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ दिदेरो याने तर घरात घालावयाच्या आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंधच लिहिला. नवा सुंदर झगा आला, त्याच्यापुढे जुनी खुर्ची, जुने टेबल सारे दीन दिसू लागले, आणि एकेक करीत सर्व बदलावे लागले. नव्या फोनला नवे कव्हर, नवी काच, नवा चार्जर घेताना मला त्याचे स्मरण झाले नाही. झाले असते तर बरे होते.

मग काय, वस्तू घेऊच नयेत? असे गीता सांगत नाही. रणांगणावर भगवंतांनी अर्जुनाला रथ सोडावयास सांगितले नाही, गांडीव टाकावयासही सांगितले नाही. उलट ते त्यानेच हातातून गळू दिले होते. या गांडीवाची कथा मोठी मननीय आहे. खांडववन जाळण्याच्या वेळी अग्नीने ते वरुणाकडून अर्जुनास मिळवून दिले. त्या धनुष्याने सारे युद्ध जिंकले. पुढे भगवंत निजधामास गेल्यावर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला, वाटेत आभीरांनी हल्ला केला, आणि तेच गांडीव, तोच हात, परंतु प्रत्यंचा मोठ्या कष्टाने चढली, अस्त्रे आठवेनात, बाण संपले. म्हणजे आपण ज्याला धनुष्याचे सामर्थ्य म्हणत होतो ते धनुष्यात नव्हते. आणि नवल पुढेच आहे. हे सर्व पाहूनही, राज्य सोडून वल्कले नेसून महाप्रस्थानास निघालेल्या अर्जुनाच्या खांद्यावर गांडीव होतेच! रत्नाचा लोभ सुटला नव्हता, असे महाभारतकार स्पष्ट सांगतात. अखेर अग्नीने स्वतः वाट अडवून ते परत मागितले, तेव्हा अर्जुनाने ते पाण्यात टाकले. ज्याने साक्षात भगवंतांच्या मुखातून गीता ऐकली त्याची ही स्थिती. तेथे अठरा हप्त्यांच्या आपल्या फोनबद्दल त्या तरुणाने फार लाजण्याचे कारण नव्हते. त्याला मी तसे सांगितले. त्याला बरे वाटले असावे.

सदर बाजारापासून बुढापारा दूर नाही. नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, 1877 च्या सुमारास वडिलांच्या वास्तव्यामुळे लहानपणी दोनएक वर्षे तेथे राहिले. नागपूरहून पुढे त्या वेळी रेल्वे नव्हती. बैलगाडीने अरण्यातून यावे लागले. वाटेत डोंगराच्या एका कपारीत, वरपासून खालपर्यंत लोंबणारे प्रचंड मधाचे पोळे त्या मुलाने पाहिले, आणि ते रचणाऱ्या माशांच्या उद्योगाचा व त्यामागील ईश्वरी शक्तीचा विचार करता करता त्याचे भान हरपले. किती वेळ, ते त्यालाही कळले नाही. या कथेत त्या मुलाला काय मिळाले? मधाचा एक थेंबही नाही. पोळे डोंगरावरच राहिले, बैलगाडी पुढे गेली. आज आपल्या खिशात ते पोळे टिपून घेण्याचे उत्तम साधन आहे. पण टिपण्याच्या घाईत पाहावयाचेच राहते, ही माझी स्वतःची खोड मी मान्य करतो.

“मग आता मी काय करू? परत तर घेत नाहीत,” तरुण म्हणाला.

मी म्हणालो, हप्ते वेळेवर भर, फोन नीट वापर. मात्र हे जे तिसऱ्या दिवशी रिते वाटले, ते बुजवावयास धावू नकोस. सोळाव्या अध्यायात आसुरी मनुष्याचे बोलणे आले आहे: आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन. त्या दोन वाक्यांच्या मध्ये एक लहानशी फट असते. मिळालेले फिके पडले आहे, आणि पुढचे अजून मनात उभे राहिलेले नाही. त्या फटीत थोडा वेळ बैस. राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि शेवटी विषासारखे, असे जे आपण आताच वाचले, ते इतक्या स्वस्तात अनुभवास आले हे भाग्यच समज. कित्येकांना त्यासाठी सारी हयात घालवावी लागते.

तो गेल्यावर मी माडीवर एकटाच उरलो. त्याला उपदेश करून झाला होता. माझ्या फटीत बसावयास मला चार महिने सवड झाली नव्हती. खिशातला फोन काढला आणि बहिणीला लावला. ती आधी रागावली, मग रडली, मग तासभर बोलली. त्यात तिच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची हकीकत होती. ती होऊन गेली होती, आणि ते दोन फोन त्याच्या आदल्या दिवशीचे होते.

खाली उतरून सराफांना विचारले. पाटल्या केव्हाच तयार होत्या. घडणावळ मी दोन महिन्यांत चुकती केली. जुन्या फोनला नवी बॅटरी घातली, आणि आश्चर्य असे की, तो आता सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो. 2017 च्या डिसेंबरात अ‍ॅपल कंपनीने जुन्या झालेल्या बॅटरीमुळे आपण काही आयफोन मंद करीत असल्याचे मान्य केले आणि नव्या बॅटरीचा दर उतरविला, ही बातमी मी त्या वेळी वाचली होती. पण वाचलेले वेळेवर आठवणे निराळे. तो फोन आता सौभाग्यवती वापरतात.

पाटल्या हातात घालून ती दोन दिवस येताजाता त्यांकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता तिने त्या मागे सारल्या आणि म्हणाली, “अहो, खरे सांगू? सासूबाईंच्या त्या जुन्याच बऱ्या होत्या.”