बाहेर जाणारा घास

जाणत्या वाटाड्यामागून पायी हिंडत गावाचे पदार्थ चाखणे आणि चाखता चाखता त्याचा इतिहास ऐकणे, म्हणजेच खाद्यफेरी, ही मुळात दाट वस्तीच्या जुन्या शहरांना मानवणारी कल्पना आहे. जे जिथे पिकते किंवा जाळ्यात येते तेच तिथले लोक खातात आणि म्हणून ताट पाहिले की गाव कळते, असे तिच्यामागचे गृहीतक असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यात मात्र हे गृहीतक लंगडे पडते, कारण हा प्रदेश पूर्वीपासून खाण्यापेक्षा पाठवण्यासाठी पिकवत आला आहे.

अशी फेरी आखायचीच झाली तर तिची सुरुवात पालघरच्या हुतात्मा स्मारकापासून होईल. १४ ऑगस्ट १९४२ रोजी, चले जाव चळवळीत, सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा किनाऱ्याच्या गावांतून लोक पालघरवर चालून आले आणि गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले. आजचा पाहुणा तीच वाट उलट दिशेने, मासळी खायला म्हणून, तुडवणार असतो. सातपाटीचे नाव ज्या माशाशी जोडलेले आहे तो सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. परंतु बंदरावर वजनाप्रमाणे निवड होऊन बर्फात रचला गेलेला मोठा सरंगा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मुंबईकडे आणि परदेशी बाजारांकडे निघतो, आणि ज्याने तो पकडला त्याच्या चुलीवर बहुधा बोंबील, मांदेली किंवा जवळा शिजत असतो. बोंबील डोल जाळ्यात, म्हणजे समुद्राच्या ओढीच्या तोंडाशी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, सापडतो. किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या बांधलेल्या दोरीवर उन्हात टांगली जाते. हे काम मुख्यतः बायकांचे आहे, आणि त्या दोऱ्यांखालून चालताना येणाऱ्या वासाने पाहुणा नाकाला रुमाल लावतो तिथेच खरे तर इतिहासाचा धडा सुरू होतो. केळवे-माहीमच्या वाड्यांतील विड्याच्या पानाची गोष्ट निराळी नाही. तेही प्रामुख्याने दूरच्या बाजारासाठी खुडले जाते.

तारापूरला इतिहास दगडी आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी येथील पोर्तुगीज किल्ला जिंकला तेव्हा मराठा सरदार बाजी भीवराव कामी आले. पुढे पेशव्यांनी तो विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थाकडे दिला. १९६९ पासून गावाचे नाव अणुवीज केंद्रामुळे देशभर झाले, आणि पापलेटाप्रमाणे तीही वीज बाहेर जाते.

या सगळ्याला एक जुना अपवाद आहे. तारापूरला खेटून असलेल्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यानुसार संयान, म्हणजे आज गुजरातेत असलेले संजाण, या मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे होता. ताजिक हा त्या काळी अरबांसाठी वापरला जाणारा शब्द, आणि मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप असावे असे अभ्यासक मानतात. या कारभाऱ्याने नदीवर मोफत नावा ठेवल्या आणि एक अन्नसत्र घातले, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. राष्ट्रकूटांनी नेमलेला अरब अधिकारी वाटसरूंना साजूक तुपाचा भात वाढतो, ही नोंद कोणत्याही चविष्ट दंतकथेपेक्षा मोलाची आहे, आणि खाद्यफेरीच्या वाटाड्याने दुसरे काही सांगितले नाही तरी एवढे सांगावे.

आज परक्यांना जेवू घालण्याचे ते काम बोईसर करते, फक्त मोफत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायन, औषध आणि कापडाच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार राबतात, आणि पाळी सुटताना फाटकाबाहेरच्या टपऱ्यांवर जे तळले-भाजले जाते ते त्यांच्या भुकेने आणि त्यांच्या गावच्या आठवणीने ठरते. वारसा म्हटला की किल्ला आणि कोळीवाडा एवढेच दाखवणारी फेरी या टपऱ्या वगळते. ते चूक आहे, कारण दहाव्या शतकातले संजाणही बाहेरून आलेल्यांचेच बंदर होते.

राहिला प्रश्न वेळापत्रकाचा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पावसाळ्यात किनारा पाहायला येणाऱ्यांनी त्या दिवसांत सातपाटीत ताज्या सरंग्याचा हट्ट धरू नये. सुक्या बोंबलाचे कालवण मागावे.