संग्रह आणि परिग्रह

‘संग्रह’ हा विषय घेऊन शाळेंत चित्रकलेचा एखादा उपक्रम सुरू करावयाचा झाल्यास त्याचा आरंभ कोठून करावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शिक्षकाच्या सोयीचा वाटतो. ‘प्रत्येकानें घरून दहा वस्तू आणाव्या, मांडाव्या आणि त्यांचीं चित्रें काढावीं,’ एवढें सांगितलें कीं काम झालें. परंतु या साध्या आज्ञेंत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. वस्तू आपली म्हणजे काय, ती आपण घेतों तेव्हां कोणाचें काय जातें, आणि घेतल्यावांचून ती आपलीशी करतां येते कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. तो मुलांच्या आधीं थोरांनीं सोडवावयास हवा.

ठाकूरद्वारच्या आसपास वाढलेल्या मुलांना संग्रह करणें कोणी शिकवावें लागलें नाहीं. चौपाटीवरचे शिंपले, काड्यापेट्यांचे छाप, गोट्या, फुटलेल्या बांगड्यांच्या काचा, दिवाळींतल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे यांनीं गिरगांवच्या चाळींतील किती डबे भरले असतील, त्याची गणती नाहीं. त्या डब्यांतील एकाही वस्तूला बाजारांत किंमत नव्हती. पण प्रत्येकीला हकीकत होती. आतां हाच छंद शाळेच्या प्रदर्शनांत गेला आणि त्याला गुण मिळूं लागले म्हणजे काय होतें, तें पाहावें. आदल्या सायंकाळीं वडील बाजारांत जातात आणि टपालतिकिटांचें तयार पाकीट घेऊन येतात. ज्याच्या वडिलांना तें परवडत नाहीं, तो मुलगा मान खालीं घालून म्हणतो, ‘माझ्याकडे कांहीं नाहीं.’ एका मुलाला विकत घेणें म्हणजेच जमविणें असें वाटूं लागतें, आणि दुसऱ्याला आपलें घर रिकामें आहे असें वाटूं लागतें. दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि दोन्ही शाळेनेंच शिकविलेल्या असतात.

आपल्या भाषेंत यासाठीं दोन शब्द आहेत: संग्रह आणि परिग्रह. दोन्हींचा धातु एकच, घेणें हा. पण दोहोंची प्रतिष्ठा सारखी नाहीं. अपरिग्रह हा योगशास्त्रानें यमांत गणिला आणि जैनांनीं व्रत म्हणून स्वीकारला. उलट ‘असंग्रह’ हा गुण म्हणून तितका कोठें मिरविलेला दिसत नाहीं. आणि गीतेंतील ‘लोकसंग्रह’ हा शब्द तर लोकमान्यांच्या १९१५ सालच्या ‘गीतारहस्या’नंतर मराठी घरांत आदरानें उच्चारला जाऊं लागला. आम्हांस या दोहोंतील भेद असा वाटतो: परिग्रहांत वस्तू माझ्याभोंवतीं गोळा होतात, संग्रहांत त्या एकमेकींजवळ येतात. पहिल्यांत मध्यभागीं ‘मी’ असतों, दुसऱ्यांत एखादा प्रश्न असतो.

घेण्याची हांव वस्तूचें काय करते, याचें उदाहरण मुंबईंतच उभें आहे. घारापुरी बेटावर एक प्रचंड दगडी हत्ती होता. त्याच्यावरून पोर्तुगीजांनीं बेटाला ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. १८६४ सालीं तो इंग्लंडला नेण्यासाठीं उचलूं लागले, तेव्हां यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणले गेले आणि १९१४ सालीं पुन्हा जोडले गेले. आज भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव धारण करणाऱ्या संग्रहालयाबाहेर तो हत्ती पाहावयास मिळतो. त्याची जपणूक झाली हें चांगलेंच झालें. पण बेटाकडे नांव राहिलें आणि हत्ती गेला. संग्राहकानें स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच: मी हें उचलल्यावर त्याच्या जागीं काय उरेल?

यावर कोणी म्हणेल कीं स्वामित्वाची हौसच नसेल, तर मूल जमवील कशाला? आक्षेप खरा आहे. ठाकूरद्वारपासून जवळच खेतवाडींत मामांच्या घरीं वाढलेल्या सलीम अली नांवाच्या मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हें घरांत कोणास सांगतां येईना, म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून त्याला दाखविले. पुढें हाच मुलगा भारतांतील थोर पक्षिशास्त्रज्ञ झाला. चिमणीचा जीव गेला, तो परत आला नाहीं. परंतु मुलाची हौस शिकारीवर थांबली नाहीं, ती ‘ही कोण?’ या प्रश्नापर्यंत पोंचली. हौस हा आरंभ आहे. तिला प्रश्नापर्यंत नेणारा मिलर्ड भेटणें, हें शिक्षण होय.

मग वस्तू कधींच उचलूं नये काय? तसेंही नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपें अशा घरगुती वापरांतील वस्तू त्यांनीं मोडींत जाण्यापासून वांचविल्या. सुमारे वीस हजारांचा तो संग्रह त्यांनीं अल्पवयांत गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नांवें केला आणि पुढें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. परिग्रह वारसांत वांटला जातो. संग्रह लोकांचा होतो. गिरगांवांतही आज हीच वेळ आहे. २०२५ सालीं सुरू झालेल्या येथील भुयारी मेट्रोच्या स्थानकासाठीं कांहीं जुन्या इमारती पाडल्या गेल्या. इतर चाळींच्या जागीं उंच इमारती येत आहेत. घर उतरवितांना पाटा-वरवंटा, पितळी कडी, जिन्याचा लांकडी कठडा भंगारांत निघतो. जें टाकलेंच जात आहे, तें उचलणें म्हणजे घेणें नव्हे, राखणें होय.

पण जें आपल्या जागीं सुखरूप आहे, त्यासाठीं चित्रकलेसारखा दुसरा उपाय नाहीं. वस्तुचित्र हा एलिमेंटरी परीक्षेमुळें आपल्या शाळांना परिचित विषय आहे; त्याचें नैतिक मोल मात्र आपण ओळखलें नाहीं. शेजारच्या आजींचा अडकित्ता मुलानें तासभर समोर ठेवून काढला, त्याचें पातें दांड्याला कोठें जोडलें आहे आणि तो बोटांनीं कोठें झिजला आहे तें पाहिलें, म्हणजे तो अडकित्ता पानाच्या डब्यांत परत गेला तरी मुलाजवळ राहिला. आजींचें कांहीं गेलें नाहीं, आणि मुलाला सर्व मिळालें. इतकें निर्दोष घेणें दुसऱ्या कोणत्या व्यवहारांत आहे?

म्हणून हा उपक्रम सुरू करणाऱ्या शिक्षकांस आमची सूचना एवढीच कीं पहिल्या दिवशीं ‘घेऊन या’ असें न म्हणतां ‘पाहून या’ असें म्हणावें. विकत घेतलेलें नको, जिवंत नको, विचारल्यावांचून आणलेलें नको. प्रत्येक चित्राखालीं वस्तू कोणाची, ती त्यांच्याकडे कशी आली आणि परत केव्हां द्यावयाची, हें मुलानें स्वतः लिहावें; आणि गुण संख्येला न देतां पाहण्याला द्यावे. मग ‘माझ्याकडे कांहीं नाहीं’ असें म्हणण्याची पाळी त्या वर्गांत कोणावर येणार नाहीं.