एसटीची मच्छरदाणी

आमच्या गावाला संध्याकाळची शेवटची गाडी मुक्कामी असायची. कराडहून सुटून पाटणवरून येणारी, शेवटची चढण हिसके खात चढणारी. मारुतीच्या देवळासमोर पिंपळाखाली ती थांबली आणि इंजिन बंद झालं, की इतका वेळ जाणवत नसलेली रातकिड्यांची किरकिर एकदम कानावर यायची. पहाटे साडेपाचला तीच गाडी परत निघायची. कॉलेजची पोरं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, तालुक्याला कोर्टाची तारीख असलेली माणसं, सगळी तिच्यातच.

आमचं घर देवळाला लागून. ड्रायव्हर-कंडक्टर पाणी आमच्याकडून घ्यायचे, डब्यातली भाजी आमच्या चुलीवर गरम करायचे. पहाटे आई सडा टाकायला बाहेर आली, की बॉनेट उघडून पाणी बघणाऱ्या ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारायची, "डायवरदादा, झोप झाली न्हवं?"

लहानपणी मला वाटायचं, भेटल्यावर माणसं ‘काय, बरं आहे ना’ म्हणतात तसंच हे. उत्तराची वाट न बघता विचारायचं काहीतरी. पण आई उत्तराची वाट बघायची. हातातला तांब्या तसाच धरून उभी राहायची. त्या गाडीने माझा थोरला भाऊ रोज कराडला जात होता.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी चाळीस वर्षं बसने हिंडलो. या प्रवासात ड्रायव्हरला काय काय विचारलं जातं ते ऐकलं. गाडी किती वाजता पोचणार, अमुक फाट्यावर थांबणार का, एसी का चालत नाही, मागून आलेली गाडी आपल्या पुढे कशी गेली. झोप झाली का, हे विचारताना मी आईशिवाय कुणालाही ऐकलेलं नाही. मी स्वतःही विचारलं नाही, अगदी विचारायला हवं होतं त्या एका रात्रीही.

ती रात्र एका खासगी गाडीतली. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. ड्रायव्हरने गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात घेतली, हँडब्रेक ओढला, आतले दिवे लावले आणि मागे वळून म्हणाला, "वीस मिनिटं द्या. डोळा लागतोय." एवढं बोलून त्याने स्टेअरिंगवर हात आडवे ठेवले आणि त्यावर डोकं टेकलं.

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मागून एक आवाज आला, "आम्हाला ड्युटीवर जायचंय." दुसरा म्हणाला, "झोपायचं होतं तर गाडी कशाला घेतली?" कुणीतरी मालकाला फोन लावला, कुणी क्लीनरला खाली उतरवून झापलं. सहाव्या-सातव्या मिनिटाला त्या माणसाने डोकं वर उचललं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि गाडी सुरू केली. मी खिडकीजवळ जागा होतो. एक शब्द बोललो असतो तर कदाचित आणखी दोघं-तिघं बोलले असते. मी बोललो नाही. उजाडेपर्यंतचा पुढचा रस्ता मी त्याच्या मानेकडे बघत काढला. ती दोनदा खाली गेली आणि झटक्याने वर आली.

आम्ही सुखरूप पोचलो. पण त्या रात्री आम्ही एका माणसाला खरं बोलल्याची शिक्षा दिली. ‘डोळा लागतोय’ हे चाळीस अनोळखी माणसांसमोर कबूल करायला लागतं ते धैर्य सुसाट गाडी हाकायला लागणाऱ्या धैर्याहून फार मोठं आहे. त्याने पुन्हा कधी कुणाला असं सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ शरीराची झोपेची. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्या माणसालाही तिचा ओढा चुकत नाही. डुलकी कधी दोन-तीन सेकंदांचीच असते, आणि डोळे उघडे असतानाही ती लागू शकते. जो त्या डुलकीत आहे त्याला ती कळतही नाही. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे ६६ मीटर. एसटीच्या सहा गाड्या एकीला एक लावून उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर गाडी कुणाच्याही हातात नसताना कापते. चहा, तंबाखूचा बार, उघडी खिडकी, मोठ्याने लावलेली गाणी यांनी थोडाफार वेळ मिळतो. झोपेला उतारा झोपेचाच, मग ती रस्त्याच्या कडेची वीस मिनिटांची का असेना. मागच्या दोन किलोमीटरमधलं काही आठवेनासं झालं, चाक पांढऱ्या पट्टीवर घासू लागलं, जांभईमागून जांभई येऊ लागली, की गाडी कडेला घेण्याची वेळ झालेली असते. हे चांगल्या ड्रायव्हरला शिकवावं लागत नाही. त्याला फक्त तसं करू द्यावं लागतं.

आणि प्रवासी काय करत असतात? झोपलेले असतात. अनोळखी गावात, अनोळखी घरात दाराला कडी न लावता आपल्याला झोप लागणार नाही. इथे मात्र ज्याचा चेहराही नीट पाहिला नाही त्याच्या हाती लेकरंबाळं सोपवून आपण डोळे मिटतो. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली एक बस उलटून पेटली. २५ माणसं जळून गेली. गाडी दाराच्या बाजूवर पडली होती, दार खाली दबलं होतं. जे वाचले त्यातले काही काच फोडून बाहेर आले. त्यानंतर मी रात्रीच्या गाडीत चढलो की संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठे आहे, काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, एवढं बघून ठेवतो. गाडी सुटण्यापूर्वी हे प्रवाशांना सांगायला क्लीनरला किंवा कंडक्टरला एक मिनिट पुरतं. ते सांगताना मी आजवर दोनदाच ऐकलं आहे.

झोप न झालेला माणूस वाईट नसतो. त्याचा धीर संपलेला असतो. आणि बस चालवायला हातापायांइतकाच धीर लागतो. स्टँडवर घडणारी एक साधी गोष्ट घ्या. म्हातारी बाई दांडा धरून चढते. एका हातात पिशवी, पदर सावरलेला. कंडक्टर दार ओढतो आणि डबल बेल देतो. दार लागलं, एवढंच त्या दोन घंट्या सांगतात. बाई अजून मधल्या वाटेत आहे, हात टेकायला जागा शोधते आहे, हे सांगत नाहीत. घंटी कंडक्टरची असली तरी क्लच ड्रायव्हरचा पाय सोडतो. आतल्या आरशात एकदा बघून, ती टेकली की मग गाडी काढायची, याला चार सेकंद लागतात. हिसका देऊन काढली तर ती आडवी होते, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलेलं माणूस पुष्कळदा पुन्हा आपल्या पायांवर एसटी गाठत नाही.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटीत तिकीट नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या आज्या लेकीकडे, पंढरपूरला, डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ लागल्या आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण गाडीत चढणाऱ्या माणसांचं वय वाढलं, तर गाडी चालवण्याची रीतही बदलायला हवी. थांब्याच्या पुढे पन्नास पावलं जाऊन गाडी उभी करायची आणि पिशव्या सावरत धावणाऱ्यांना आरशात बघायचं, पायरी नेमकी गटारावर किंवा डबक्यावर येईल अशी थांबायचं, उतरलेलं माणूस गाडीच्या पुढूनच रस्ता ओलांडतंय याचा विचार न करता गाडी काढायची, या ‘छोट्या’ गोष्टी नव्हेत. माणसं इथेच मोडतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी त्या बोलत नाहीत. लांबच्या गाडीने जायचं असेल तर माझी बहीण सकाळपासून पाणी पीत नाही. तिच्या मैत्रिणी पीत नाहीत. का, तर मध्येच गाडी थांबवा असं चारचौघांत सांगायचं कसं, आणि थांबली तरी उतरायचं कुठे. एकदा नगरच्या पुढे एका ड्रायव्हरने जेवणाच्या थांब्याच्या आधीच गाडी एका पंपावर घेतली आणि कंडक्टरला सांगितलं, "बायकांना सांगा, इथलं बाथरूम साफ असतं, पुढचं नाही." पाचच मिनिटं. उतरून परत आलेल्या बायकांचे मोकळे झालेले चेहरे मी पाहिले. त्या माणसाने रस्त्यातली बाथरूमं लक्षात ठेवली होती. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

घाटातही माणसाची पारख होते. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ड्रायव्हर नव्यांना सांगत आले. तरी डिझेल वाचवायला म्हणा किंवा वेळ गाठायला म्हणा, उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे आहेत. इंजिनाची ओढ सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हाही नियमच आहे. कुंभार्ली घाटात पावसाळ्याच्या धुक्यात, वरून येणारी लाल गाडी कडेला थांबून डिपर देते आणि लाकडाने भरलेला ट्रक धापा टाकत वर जातो, तेव्हा दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना हात करतात. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडतं, "दाबा की जरा!" शंभर किलोमीटरच्या रस्त्याला ताशी ७० ऐवजी ८० ने गेलं तर वाचतात अकरा मिनिटांच्या आसपास, तीही रस्ता अगदी मोकळा असला तर.

ड्रायव्हरच्या विश्रांतीचा विचार आपल्याकडे आज सुरू झालेला नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्यात कामाचे तास ठरले होते, दिवसाला ८, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर १० आणि ५४. सलग ५ तासांहून जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. रात्रीचा मुक्काम जिथे पडेल तिथे उजेडाची, हवेशीर, स्वच्छ खोली. ज्याने कुणी हे कलम लिहिलं, त्याने कधीतरी एखाद्या ड्रायव्हरला झोप झाली का म्हणून विचारलं असणार, असं ते वाचताना मला वाटलं.

पण मुंबईच्या रात्रीच्या गाड्यांमध्ये सामानाच्या डिकीत पोत्यांच्या शेजारी झोपलेला दुसरा ड्रायव्हर मी डोळ्यांनी पाहिला आहे. रात्री गाडी आणून, दुपारी दुसरी भरून, पुन्हा रात्री निघणारे पाहिले आहेत. फेरीवर पैसे मिळत असतील तर माणूस फेरी सोडत नाही, त्याच्याही घरी शाळेची फी असते. आणि मुक्कामी गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर अजून पुष्कळ गावांत गाडीतच अंथरूण टाकतात. उन्हाळ्यात टपावर, पावसाळ्यात सीटांच्या मधल्या वाटेत.

आमच्या गावातही तसंच होतं. एका पावसाळ्यात नवीन तरणा ड्रायव्हर आला. तिसऱ्या-चौथ्या पहाटे आईने नेहमीप्रमाणे विचारलं आणि त्याने खरं सांगितलं, "कुठली झोप, मावशी? रातभर डासांनी फोडून काढलं." आई तशीच आत गेली, चुलीत लाकडं सारली, त्याला आणि कंडक्टरला ओट्यावर बसवून चहा दिला. गाडी त्या दिवशी पंधरा मिनिटं उशिरा सुटली. पोरं कुरकुरली. आई दारातूनच म्हणाली, "गप बसा. चहा पिऊन येऊ द्या त्याला."

पुढच्या बाजारी तिने मच्छरदाणी आणली. पण ती पलंगाची, चौरस. गाडीच्या मधल्या वाटेत मावेना. मग एका संध्याकाळी ती गाडीत जाऊन बसली, सुतळीने माप घेतलं, मच्छरदाणी मधोमध कापली आणि हाताने लांबट, अरुंद अशा दोन शिवल्या. चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या, वरच्या सामानाच्या दांड्यांना बांधता येतील अशा. संध्याकाळी गाडी आली की आमच्यापैकी कुणीतरी पळत जाऊन त्या देऊन यायचं, पहाटे परत आणायच्या. ड्रायव्हर बदलत गेले. नवा माणूस आला की जुना त्याला जाताना सांगून जायचा, देवळाशेजारच्या घरातून मच्छरदाणी घे.

आई आता नाही. गावची गाडी हल्ली मुक्कामाला येत नाही, रात्री रिकामीच परत जाते. गेल्या दिवाळीत ट्रंक आवरताना तळाशी त्या दोन मच्छरदाण्या सापडल्या. माझ्या सुनेने एक उलगडून धरली आणि विचारलं, "हे इतकं अरुंद काय आहे? कुणाच्या पलंगाचं?" नाड्यांच्या टोकांना गाठी तशाच होत्या.