अमानित्व आणि हुद्द्याची नोंद

एखाद्या घराच्या भिंतीवर पन्नास वर्षांपूर्वीचे छायाचित्र टांगलेले असते. त्यातील तरुण सैनिकाच्या बाहीवर तीन फिती स्पष्ट दिसतात. त्याच घरातील पेटीत जपून ठेवलेल्या डिस्चार्ज बुकात मात्र त्याच मनुष्याचा हुद्दा ‘नायक’ असा लिहिलेला असतो. दोन फिती नायकाच्या आणि तीन हवालदाराच्या, हे सैनिकाच्या घरी मुलांनाही ठाऊक असते. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, दुरुस्तीचा अर्ज करा.’’ वृद्ध पिता उत्तर देतो, ‘‘आता या वयात हुद्दा घेऊन काय करायचे? मान-अपमान सारखे मानावेत, असे भगवंतांनीच सांगितले आहे.’’ मुलगा गप्प बसतो, कारण बापाचे बोलणे धर्माचे वाटते. ते खरोखर धर्माचे आहे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

पित्याच्या बाजूला आधार भक्कम आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे आणि चौदाव्यात गुणातीताचे वर्णन करताना मानापमानांविषयीची समता आवर्जून सांगितली आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे गणली आहेत, त्यांत पहिलेच लक्षण ‘अमानित्व’ हे आहे. उलट बाजूने कोणी दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवील. तेथे अर्जुनाला अपकीर्ती मरणाहूनही दुःसह असल्याचे बजावले आहे. परंतु तो युक्तिवाद अर्जुनाच्या तेव्हाच्या मनोभूमिकेवर उतरून केलेला आहे. तेवढ्यावरून कीर्तीची मागणी हे साधकाचे कर्तव्य ठरविणे म्हणजे वचनाला त्याच्या जागेवरून उचलून आपल्या सोयीच्या जागी नेऊन ठेवणे होय.

या कोड्याची किल्ली ‘मान’ या शब्दातच आहे. संस्कृतात एकसारखे दिसणारे दोन ‘मान’ आहेत. ‘मन्’ धातूपासून होणारा ‘मान’ म्हणजे आदर, गर्व, स्वतःविषयीची थोर समजूत. ‘मा’ धातूपासून होणारा ‘मान’ म्हणजे मोजणे, माप; ‘प्रमाण’, ‘परिमाण’, ‘अनुमान’ हे शब्द त्याच कुळातले. अमानित्वात ज्याचा त्याग सांगितला आहे, तो पहिला मान. श्रीशंकराचार्यांनीही तेथे स्वतःची प्रौढी नसणे असाच अर्थ केला आहे. दुसरा मान टाकून देण्याची आज्ञा कोणत्याही शास्त्राने केलेली नाही. वाण्याने तराजू फेकून देऊन ‘मी निर्मोही झालो’ असे म्हटले, तर गिऱ्हाईक त्याच्या पाया पडणार नाही.

आता सैन्यातील हुद्दा यांपैकी कोणता मान आहे? सैन्याच्या व्यवहारात दोन्ही आहेत, आणि ते वेगळे ठेवलेलेही आहेत. चांगल्या सेवेबद्दल निवृत्तीच्या वेळी हवालदाराला मानद नायब सुभेदार करतात, तो पुष्कळ अंशी पहिल्या जातीचा मान. (त्याचेही आर्थिक परिणाम असतात आणि त्यांवरून खटलेही झाले आहेत, तो विषय वेगळा.) असा मान न मिळाल्याची हळहळ मनातून काढून टाकावी, हेच उत्तम. परंतु प्रत्यक्ष धारण केलेला हुद्दा ही झालेली गोष्ट आहे. अमुक तारखेपासून या मनुष्याने इतक्या जणांची जबाबदारी वाहिली, एवढेच ती नोंद सांगते. बढतीची नोंद पलटणीच्या ‘भाग दोन’ आदेशात होते आणि तेथून ती अभिलेख कार्यालयाच्या दप्तरात जाते. गढवाल रायफल्सचे दप्तर लॅन्सडाउनला, कुमाऊँ रेजिमेंटचे रानीखेतला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. लढाईच्या धामधुमीत, बदलीत किंवा इस्पितळात असताना एखादा आदेश दप्तरापर्यंत न पोहोचणे अशक्य नाही. नावेही बदलतात. ज्याला आज नायब सुभेदार म्हणतात, त्याला १९६५ पर्यंत ‘जमादार’ म्हणत. आज बोलण्यात जमादार शब्दाचा अर्थ काय होतो, हे लक्षात घेतले म्हणजे जुना कागद हाती आलेल्या नव्या कारकुनाचा गोंधळ होणे नवलाचे वाटत नाही.

तारखेचे महत्त्व हुद्द्याइतकेच. शेवटच्या हुद्द्यावर किमान दहा महिने काढल्याखेरीज त्या हुद्द्याचे निवृत्तिवेतन मिळत नाही, असा नियम अनेक वर्षे होता. म्हणजे बढतीची तारीख एक महिना पुढे लिहिली गेली, तर मनुष्य हयातभर खालच्या हुद्द्याचे वेतन घेई आणि त्याच्यामागे त्याची पत्नीही त्याच हिशेबाने कुटुंबवेतन घेई.

येथे पित्याचे वैराग्य अडचणीत येते. स्वतःच्या वाट्याचे सोडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडणे म्हणजे त्याग नव्हे. त्या नोंदीत पत्नीचा भाग आहे. ज्या अधिकाऱ्याने बढतीच्या आदेशावर सही केली, त्याच्या शब्दाचा भाग आहे. त्या हवालदाराच्या हुकुमावर विश्वासून जे पुढे गेले, त्यांचाही आहे. आणि, खरे सांगायचे तर, अशा पुष्कळ वैराग्यांच्या तळाशी दुसरेच काही असते. साहेबाच्या दारात उभे राहण्याचा संकोच, अर्ज फेटाळला जाईल ही भीती, ‘आम्ही मागणारे नव्हेत’ हा अभिमान. मागण्याने ज्याचा अभिमान दुखावतो, त्याच्या ठिकाणी पहिला मान शाबूत आहे, असेच समजावे लागते.

मात्र मागणाऱ्यालाही एक कसोटी आहे, आणि ती फार कडक आहे. समजा, चूक उलट दिशेने झाली असती. नायकाची नोंद हवालदार म्हणून झाली असती, आणि दरमहा चार पैसे अधिक येत असते. तेव्हाही हा मनुष्य तोच अर्ज लिहिता काय? लिहिता, तर त्याची मागणी दुसऱ्या मानाची, मापाची आहे. न लिहिता, तर सत्याचे नाव घेऊन तो लाभच मागत आहे. असा अर्ज बेकायदेशीर नव्हे. लाभ न्याय्यही असेल. फक्त त्याला निष्काम म्हणू नये.

हे सर्व जेथे नोंद चुकली आहे तेथले झाले. जेथे लेखणी चुकलेली नसून वरिष्ठांचा निवाडाच वादग्रस्त असतो, तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेच्या आरमारातील अॅडमिरल किमेल यांचे प्रकरण या प्रकारचे आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, तेव्हा ते तेथील पॅसिफिक ताफ्याचे सरसेनापती होते. दहा दिवसांत त्यांना दूर केले गेले. चार ताऱ्यांचा हुद्दा त्या पदाशी जोडलेला असल्यामुळे तोही गेला आणि दोन ताऱ्यांच्या कायम हुद्द्यावर ते निवृत्त झाले. १९४२ च्या चौकशीने त्यांना कर्तव्यच्युतीचा दोष दिला. १९४४ च्या आरमारी चौकशीने तो मानला नाही. १९४७ च्या कायद्याने युद्धकाळातील सर्वोच्च हुद्दा निवृत्तांच्या यादीत देण्याची सोय झाली, पण त्यांना ती लाभली नाही. ते १९६८ मध्ये वारले. मुलांनी मागणी सोडली नाही. १९९५ च्या सरकारी अहवालाने दोष अनेकांचा असल्याचे मान्य केले, तरी हुद्दा वाढविण्याची शिफारस केली नाही. २००० साली तेथील काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना तशी विनंती केली. क्लिंटन, बुश, ओबामा यांपैकी कोणीही ती अमलात आणली नाही.

येथे मापाची चूक दाखविता येत नाही, कारण मापच वादात आहे. म्हणून अशा मागणीत दुराग्रहाला जागा अधिक आणि मागणाऱ्यावर संयमाचे ओझेही अधिक. वरच्या हवालदाराचे काम त्या मानाने सोपे आहे: आदेशाचा क्रमांक, तारीख, पलटण लिहावी, सही करावी, पोच घ्यावी. अभिलेख कार्यालयाने नाकारले तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. तेथेही नाकारले, तर त्या दिवसाचे जेवण बेचव लागू न देणे, ही त्याच्या समतेची खरी जागा. ती जागा अर्जाच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे.

अर्जाला वेळ मात्र फार नसतो. भिंतीवरील छायाचित्र कार्यालयात पुरावा म्हणून एकटे पुरत नाही. त्या छायाचित्रात शेजारी उभे असलेले दोघे तिघे अजून हयात असतील, तर त्यांना पत्र लिहून त्यांचे म्हणणे लेखी घेता येते. उद्या कुटुंबवेतनाच्या कागदावर ‘पतीचा हुद्दा’ या रकान्यापुढे आईला अंगठा उठवावा लागेल, तेव्हा तिला विचारायलाही कोणी उरलेले नसेल.