भिंतीवरचा हातभर रंग

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघतं. हल्ली दिवाणखान्यासाठी बदामी, बिस्किटी असा ऊबदार रंग पुष्कळजण पसंत करतात. निवड छानच आहे. अशा भिंतीवर आजी-आजोबांचा फोटो उठून दिसतो, कुंडीतलं रोप टवटवीत वाटतं, गणपतीची आरास कशीही केली तरी शोभते. पण हा रंग निवडणं दिसतं तितकं सोपं नाही. शेडकार्डावर दहा बदामी छटा शेजारीशेजारी असतात आणि सगळ्या सारख्याच वाटतात. भिंतीवर चढल्या की एक गुलाबीकडे झुकते, दुसरी पिवळट निघते, तिसरी चक्क हिरवट.

दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्या, तांबड्या, काळ्या रंगाचे थोडे थेंब सोडतं, तेव्हा हा रंग तयार होतो. प्रमाण जरा बदललं की झाक बदलते. शिवाय रंग इतका सौम्य, की आजूबाजूचं सगळं तो अंगावर घेतो. खाली लाल कोबा असेल तर भिंत तांबूस दिसते, खिडकीला लागून आंबा असेल तर हिरवट. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली ती थंड, राखी वाटते आणि 2700 केल्विनचा पिवळा दिवा लावला की तीच भिंत मायेची होते. म्हणून जाणता रंगारी आधी लहान डबीच आणायला सांगतो. हातभर जागेवर रंगाचे दोन हात द्यायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. ओल्या रंगावरून काही ठरवायचं नाही. शेजारी कोरा पांढरा कागद धरला की लपलेली झाक कळते. मग तोच तुकडा सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर पुन्हा बघायचा.

दिवसभर थांबून बघण्याची ही रीत मला फार आवडते, आणि ती माणसांसाठीही हवी असं वाटतं. सकाळी डबे, पाणी, शाळेची रिक्षा या धांदलीत घरातलं कुणी तुटक बोलतं आणि आपण तेवढ्यावर त्याचा स्वभाव ठरवून मोकळे होतो. महिनाअखेरीला हिशेब जुळत नसताना साहेब खेकसतात, तेच आपल्या लेखी कायमचे साहेब होतात. कधी तर उजेड आपलाच असतो. रात्री झोप झालेली नसते, गुडघा ठणकत असतो, आणि समोरच्याचं साधं बोलणंही बोचतं.

आज कुणाचा एखादा शब्द लागला, तर मत लगेच पक्कं करू नका. संध्याकाळी त्यांच्याशी दोन मिनिटं बोला. सकाळचा विषय काढायची गरज नाही. जेवण झालं का, तब्येत कशी आहे, एवढं विचारलंत तरी पुरे.